रझाकारी आणि त्यानंतर

पुलगावहून बडनेऱ्याकडे जाणारी गाडी स्टेशन सोडते न सोडते तोच वर्धा नदीचा पूल लागतो. पलीकडचा काठ अमरावती जिल्ह्यातला, म्हणजे वऱ्हाड. आज त्या पुलावरून जाताना कोणाच्या मनातही येत नाही, पण १९४७ पर्यंत तो पलीकडचा काठ कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा होता. १८५३ साली इंग्रजांनी फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड ताब्यात घेतले, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने घेतले, पण मालकी निजामाचीच राहिली. १९३६ च्या करारात ती पुन्हा मान्य झाली आणि निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. वर्गात हे सांगितले की पोरे खिडकीतून नदीच्या दिशेने बघत. निजाम इतका जवळ होता याचे त्यांना नवल वाटे.

असो. वऱ्हाडातला निजाम नावापुरता होता. खरा निजामी मुलूख वऱ्हाडाच्या दक्षिणेला, पैनगंगा ओलांडली की सुरू होई. त्या मुलखात १९४८ साली जे घडले, त्यातले निम्मे मी तीसएक वर्षे शिकवले. उरलेले निम्मे निवृत्तीनंतर वाचले. ते वाचल्यापासून लिहीन लिहीन म्हणतो आहे. विषय नाजूक आहे, लोक दुखावतील, असे दोघातिघांनी सुचवूनही झाले. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आणखी किती थांबायचे?

आधी सर्वांना माहीत असलेला भाग. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यातले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. प्रजेत शंभरात पंच्याऐंशीच्या आसपास हिंदू, राजा मुसलमान, आणि राजाला स्वतंत्र राहायचे होते. लातूरचा वकील कासिम रझवी १९४६ साली इत्तेहादुल मुसलमीनचा पुढारी झाला आणि त्याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत उच्छाद मांडला. खंडणी, जाळपोळ, स्त्रियांवर अत्याचार, खून. बीदर जिल्ह्यातले गोरटा, तेलंगणातले भैरणपल्ली, या गावांची नावे आजही तिकडे अंगावर काटा आणतात. 'इमरोज' या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याने रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री घरी परतताना त्याला गाठून मारले. त्याचा लिहिता हात तोडला. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. स्टेट काँग्रेसचे लोक सरहद्दीवर कॅम्प टाकून झुंजत होते. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत शिरले आणि १७ तारखेला निजामाने हात टेकले. म्हणून १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

पाठ्यपुस्तकातला धडा इथे संपे. माझा तासही इथेच संपे.

आमच्या शाळेत एक सहकारी होते, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. नाव लिहीत नाही, त्यांची मुले आज इथेतिथे नोकरीत आहेत. मूळचे नांदेड जिल्ह्यातले, हदगाव तालुक्यातले. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या वडिलांनी दुकान बंद केले आणि बायकापोरांना घेऊन पैनगंगा ओलांडून उमरखेडला आले. हे तेव्हा दहा वर्षांचे. दर १७ सप्टेंबरला मी त्यांना माझ्या वर्गावर बोलावी. ते सांगत आणि पोरे जीव मुठीत धरून ऐकत. रझाकार येणार म्हणून आजीने दागिने पिठाच्या मडक्यात कसे लपवले, रात्री बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून गाडी कशी हाकली, उमरखेडला एका ओसरीवर चार कुटुंबे कशी राहिली. गोष्ट नेहमी एकाच वाक्यावर संपे : "मग पोलीस ॲक्शन झाली आणि दिवाळी करून आम्ही गावी परत गेलो."

निवृत्त होण्याच्या सुमारास एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघेच होतो. मी सहज विचारले, "सर, परत गेल्यावर गाव कसं होतं?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुकान शाबूत होतं. पण मोमिनांची गल्ली रिकामी होती. लहानपणापासून सकाळी जाग यायची ती त्यांच्या मागांच्या खटखटीनं. ती नव्हती."

"कुठे गेले होते?"

"गेले," ते म्हणाले. "वडिलांना विचारलं तर वडील म्हणाले, विचारू नको."

तेवढ्यात घंटा झाली. पुन्हा हा विषय ना त्यांनी काढला ना मी. आज ते नाहीत.

मोमीन म्हणजे मुसलमान विणकर. त्या गल्लीतल्या माणसांचे नेमके काय झाले ते त्यांच्या वडिलांबरोबर गेले. पण त्या सहा-आठ आठवड्यांत मराठवाड्यात एकूण काय झाले हे मात्र लिहून ठेवलेले आहे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने आश्चर्याची गोष्ट म्हणजे ते सरकारच्याच सांगण्यावरून लिहिलेले आहे.

सप्टेंबरनंतर दिल्लीला बातम्या जाऊ लागल्या तेव्हा पंतप्रधान नेहरूंच्या पुढाकाराने एक सदिच्छा मंडळ हैदराबादेत पाठवले गेले. त्याचे प्रमुख पंडित सुंदरलाल. हे जुने काँग्रेसवाले, गांधीजींच्या माणसांपैकी. 'भारत में अंग्रेजी राज' हा त्यांचा हिंदी ग्रंथ इंग्रजांनी १९२९ मध्ये जप्त केला होता. सोबत काझी अब्दुल गफ्फार हे उर्दू लेखक-संपादक आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. हे लोक २९ नोव्हेंबर १९४८ ला हैदराबादेत पोचले आणि २१ डिसेंबरला निघाले. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पालथे घातले. सात जिल्ह्यांची ठिकाणे, एकवीस गावे, तेवीस मोठी खेडी पाहिली. जिथे जाता आले नाही अशा एकशे नऊ खेड्यांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले.

त्यांचा हिशेब असा. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर संपूर्ण संस्थानात, अगदी हात राखून धरले तरी, सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. मरणारे बहुतेक सर्व मुसलमान. सर्वांत जास्त नुकसान चार जिल्ह्यांत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांत मिळून अठरा हजारांहून कमी नाहीत. त्याखालोखाल औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक. म्हणजे मराठवाड्याच्या पाचपैकी चार जिल्ह्यांची नावे या दोन ओळींत आली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथे वीस दिवसांहून जास्त मारामारी चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार सापडले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते.

लातूर कासिम रझवीचे गाव होते हे वर लिहिलेच आहे. त्या रझवीचे काय झाले? त्याच्यावर खटला चालला, तो येरवड्याच्या तुरुंगात राहिला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. १९७० मध्ये कराचीत वारला. ज्याने हा वणवा लावला तो म्हातारा होऊन बिछान्यात मेला. त्याच्या गावातल्या तांबटाने, अत्तरवाल्याने, टांगेवाल्याने त्याचे कर्ज फेडले.

अहवालात विहिरींची वर्णने आहेत. ती मी इथे देत नाही. विहिरीत माणसे होती आणि त्यांत तान्ही मुलेही होती, एवढे पुरे.

हे कोणी केले? मंडळाने एका वाक्यात उत्तर दिलेले नाही, आणि मला ते त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. रझाकारांनी छळलेल्या गावांचा सूड त्यात होता. त्या सुडाच्या आडून हात धुऊन घेणारेही होते. सोलापूर व इतर ठिकाणांहून आलेल्या टोळ्या होत्या. काही ठिकाणी सैन्यातली आणि पोलिसांतली माणसे लुटीत व त्याहून वाईट गोष्टींत सामील होती, याचा भक्कम पुरावा मिळाल्याचे मंडळ म्हणते. मुसलमानांची हत्यारे काढून घेतली गेली आणि शेजाऱ्यांची त्यांच्याच हाती राहिली, असेही नोंदवते. त्याच अहवालात सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या शिस्तीबद्दल आणि जनरल चौधरी यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल मोकळ्या मनाने चांगले लिहिले आहे. मला तरी हे एका बाजूने लिहिलेले वाटत नाही. रझाकारांच्या पापांवरही त्यात पांघरूण घातलेले नाही.

अहवाल दिल्लीला गेला. सरदार पटेलांना तो पटला नाही. तो छापला गेला नाही. देश नुकता फाळणीतून निघाला होता, काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे होता, हैदराबादचाही गेला होता. अशा वेळी हा कागद बाहेर काढणे सरकारला परवडणारे नव्हते हे मी समजू शकतो. दोन वर्षे, पाच वर्षे समजू शकतो. पण त्याचे काही भाग बाहेर यायला १९८० चे दशक संपत आले, आणि दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहायला मिळतो अशी बातमी सर्वत्र झाली ती २०१३ साली. म्हणजे पासष्ट वर्षांनी. त्याच वर्षी ए. जी. नूरानी यांनी हैदराबादवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात तो दिला. तोवर ज्यांनी पाहिले होते त्यातले बहुतेक आमच्या सरांच्या वडिलांसारखे 'विचारू नको' म्हणून निघून गेले होते.

आता एका तारखेकडे लक्ष वेधतो. सुंदरलाल आणि त्यांचे सोबती निजामी मुलखात हिंडत होते त्याच दिवसांत, ९ डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक करार मंजूर केला : वंशसंहाराचा गुन्हा रोखणे आणि त्याला शिक्षा करणे यासंबंधीचा करार. हा शब्दच तेव्हा चार वर्षांचा होता. राफाएल लेमकिन या पोलंडच्या ज्यू वकिलाने १९४४ साली तो घडवला. त्याचे स्वतःचे एकोणपन्नास नातलग हिटलरच्या राज्यात मारले गेले. लेमकिनचे म्हणणे असे की एका माणसाच्या खुनाला नाव आहे, कलम आहे, फाशी आहे. सबंध समाजच पुसून टाकण्याला मात्र नावच नाही, म्हणून कलमही नाही. १९४६ च्या अखेरीस हा विषय आमसभेपुढे आणणारे देश तीन होते : क्युबा, पनामा आणि भारत. आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख तेव्हा विजयालक्ष्मी पंडित होत्या. स्वातंत्र्य मिळायला अजून आठ महिने होते, आणि जगातल्या मोजक्या तीन देशांत आपण होतो! हे आमच्या पुस्तकात कधी आले नाही. आले असते तर मी मोठ्या अभिमानाने शिकवले असते.

भारताने करारावर २९ नोव्हेंबर १९४९ ला सही केली आणि २७ ऑगस्ट १९५९ ला तो पक्का स्वीकारला. दुसऱ्याच दिवशी, २८ ऑगस्टला, लेमकिन न्यूयॉर्कमध्ये वारला. करार स्वीकारणाऱ्या देशाने आपल्याकडे तसा कायदा करायचा असतो. तो आपण आजवर केलेला नाही. १९८४ च्या शीख हत्याकांडातील एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट लिहिले की वंशसंहार हा गुन्हा आपल्या फौजदारी कायद्यात नाही आणि ही त्रुटी तातडीने दूर व्हायला हवी. त्या निकालात मुंबई १९९३, गुजरात २००२, कंधमाळ २००८, मुझफ्फरनगर २०१३ यांचीही नावे आहेत. पुढे भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. हे कलम तिच्यातही नाही.

मग १९४८ चा मराठवाडा हा वंशसंहार होता काय? मला विचाराल तर मी तो शब्द तिथे वापरत नाही. कराराप्रमाणे एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह, सबंध वा अंशतः, नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. मराठवाड्यात वरून आखलेली तशी योजना असल्याचे सुंदरलालही म्हणत नाहीत. गावागणिक वेगळे घडले. कुठे काहीच झाले नाही. कुठे तीन दिवसांत सारे संपले. पण शब्दावरून वाद घालणाऱ्यांचीही मला गंमत वाटते. 'वंशसंहार नव्हता ना?' असे विचारून आणि 'नव्हता' हे उत्तर घेऊन ते सुटकेचा श्वास टाकतात. जणू चाळीस हजार हा आकडा त्या उत्तराने कमी होतो.

मी भाषेचा मास्तर, म्हणून मला दुसरीच गोष्ट खुपते. मराठवाड्यात रझाकारांच्या त्या काळाला नाव आहे : 'रझाकारी'. "रझाकारीत आमचा वाडा जळाला", "रझाकारीत मामा गेला" असे लोक सहज बोलतात, आणि ऐकणाऱ्याला सारे समजते. 'पोलीस ॲक्शन' हेही नाव आहे, पण ते पाच दिवसांचे. त्यापुढच्या दोन-अडीच महिन्यांना मराठीत नाव नाही. "तेव्हा", "त्या गडबडीत", "मग ते लोक गेले" असे म्हणतात. माणसे मेली म्हणायचे तर मारणारा सांगावा लागतो. 'गेले' म्हटले की कर्ता लागत नाही.

दोन्ही काळांची मुळे मला मात्र एकाच जागी दिसतात. रझाकाराने जे केले ते गावातल्या हिंदूला 'भारताचा हस्तक' ठरवून. नंतर जे झाले ते मुसलमानाला 'रझाकार' ठरवून. नदीवर कपडे धुणारी बाई, माग चालवणारा विणकर, मदरशातला पोरगा, सारे एका शब्दात बसवले. रुवांडात १९९४ साली तुत्सींना रेडिओवरून झुरळे म्हटले जाई, शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मेली. जर्मनीत ज्यूंच्या नावापुढे आधी शब्द लागले, मग कपड्यांवर तारे, मग गाड्या. असे विषय अभ्यासणारे सांगतात की हे एका रात्रीत होत नाही, आणि रोखायचे तर शब्दांच्या पायरीवरच रोखणे सोपे असते. हे वाचताना मला सारखे आमच्या चौकातले पानठेल्यावरचे बोलणे आठवते. कोणत्या गावी काही घडले की 'हे लोक' म्हणून सुरू होणारे. 'हे लोक' मध्ये कधी एक समाज असतो, कधी दुसरा.

अहवालातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही. मंडळाने लिहिले आहे की काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमानांना जीव धोक्यात घालून वाचवले, आणि हे विशेषतः एकाच धंद्यातल्या लोकांत दिसले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहून चाल करून येणाऱ्यांना अडवले आणि त्यात काही विणकर स्वतः मेले. पळवून नेलेल्या स्त्रियांना सोडवून आणायलाही अनेक हिंदूंनी मदत केली. आमच्या पुलगावात एकेकाळी कापडाची गिरणी होती, त्यामुळे सूत आणि माग यांच्याभोवतीची माणसे मी पाहिलेली आहेत. ताणा एकाचा, बाणा दुसऱ्याचा, सूत उधार एका सावकाराकडून, खोकला दोघांनाही तोच. अशी माणसे एकमेकांना 'हे लोक' म्हणू शकत नसावीत. त्याआधी शोएबुल्ला खानाला हिंदूंची बाजू घ्यायला कोणी सांगितले नव्हते. या विणकरांनाही नसावे.

त्या विणकरांची नावे त्या नोंदीत नाहीत. एका बाजूला हुतात्म्यांचे स्तंभ आहेत आणि ते असायलाच हवेत. गोविंदराव पानसरे यांचा खून रझाकारीच्या सुरुवातीलाच झाला, त्यांची आठवण नांदेडकडे लोक अजून काढतात. पण शेजारच्या मागवाल्यासाठी दारात उभा राहून मेलेला साळी किंवा कोष्टी कोणत्या स्तंभावर आहे? तो तर सरळ आपला, अभिमानाने सांगावा असा माणूस. त्याचेही नाव गेले, कारण त्याचे नाव सांगायचे तर तो कोणाला अडवत होता हेही सांगावे लागते.

१९४८ साली दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. नांदेड, लातूर, धाराशिव, बीड, हिंगोलीकडे ज्यांचे आजोबा-आजी, काका, मावशी अजून बोलत्या आहेत, त्यांनी एकदा त्यांच्याजवळ बसावे. रझाकारीच्या गोष्टी बहुधा ऐकून झाल्या असतील. त्या पुन्हा ऐकाव्यात, मध्ये तोडू नयेत. आणि त्यांनी "मग पोलीस ॲक्शन झाली" म्हणून हात झटकले की हळूच विचारावे, गावात विणकर होते का? पिंजारी, बागवान, तांबोळी कोणत्या गल्लीत राहायचे? त्या वर्षीची दिवाळी कशी झाली? आणि कोणी कोणाला घरात लपवले होते का? हे शेवटचे आधी विचारले तरी चालेल. त्याचे उत्तर द्यायला म्हातारी माणसे चटकन तयार होतात, असा माझा अनुभव आहे.